आईचं पुस्तक झालं की

त्या घरात कोणतंही काम टाळायचं असलं की एकच तारीख दिली जायची. माळ्यावरचा पसारा कधी आवरणार? आईचं पुस्तक झालं की. जावईबापू पोट कधी कमी करणार? आईचं पुस्तक झालं की. स्वयंपाकघरातला नळ तीन वर्षं टपटपत होता, त्याच्याखाली एक पातेलं कायमचं मुक्कामाला आलं होतं, आणि 'मीच करतो दुरुस्त, माणूस कशाला बोलवायचा' असं छातीठोकपणे सांगणारे जावईबापू पान्याला हात लावायला तयार नव्हते. त्यांचंही उत्तर तेच. सगळे हसायचे. जिचं पुस्तक होतं ती आई सगळ्यांत मोठ्यानं हसायची, आणि मग उगाचच उठून पातेल्यातलं पाणी कुंडीत ओतून यायची.

या आईला घराबाहेर सगळे ब्रेकमावशी म्हणत. लोकांना मोटार चालवायला शिकवणं हा त्यांचा धंदा. एकच पांढरी गाडी, छपरावर शिकाऊ गाडीची पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक. त्या ब्रेकवर मावशींचा पाय सत्तावीस वर्षं होता. शेजारचा शिकाऊ खांबाच्या दिशेनं निघाला की त्या शांतपणे पाय दाबत आणि म्हणत, "खांबाचं लग्न झालंय हो, सोडा त्याला." माणूस हसायचा, आणि हसला की त्याचे आखडलेले खांदे खाली यायचे. मावशींची अर्धी शिकवणी त्या खांद्यांचीच होती.

पुस्तक मात्र त्यांचं एकटीचं होतं. लेकीचं लग्न झालं, ती आणि जावईबापू वरच्या मजल्यावर राहायला आले, आणि हातात मोकळा वेळ आला तेव्हा मावशींनी एक जाड वही घेऊन पहिलं वाक्य लिहिलं. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. साठी गाठायच्या आत पुस्तक पुरं करायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणि साठी आता आठ महिन्यांवर आली होती. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. झालं नाही तर कोण जाब विचारणार होतं? पण आयुष्यभर दुसऱ्यांना पास करून स्वतः नापास व्हायचं, हे त्यांना मनातून फार लागलं असतं.

गोष्ट होती दोन बहिणींची. नदीच्या धक्क्यावर दोघी मिळून एक लॉज चालवतात. धाकटीला लॉज बंद करून शहरात जायचंय, पण थोरली म्हणते, "नऊ नंबरमध्ये पाहुणा आहे, त्याला कसं बाहेर काढणार?" हा पाहुणा कधी खाली येत नाही, कुणाला दिसत नाही. थोरली रोज जेवणाचं ताट वर नेते आणि रिकामं ताट खाली आणते. वर्षं जातात. कोण आहे नऊ नंबरमध्ये?

ही गोष्ट मावशींनी एकदा चुकून गाडीत सांगितली. एक शिंपीणबाई चढावर गाडी थांबवायच्या भीतीनं रडकुंडीला आल्या होत्या, त्यांचं मन दुसरीकडे लावायचं म्हणून. बाई ऐकता ऐकता चढ चढून गेल्या, उतरल्या, आणि घर आलं तरी गाडी बंद करेनात. तिथून मावशींच्या हाती जणू किल्लीच लागली. घाबरलेला शिकाऊ आला की लॉज, धक्का आणि नऊ नंबर. कुणाला दुसरं प्रकरण, कुणाला सातवं. शिकाऊ भराभर तयार व्हायला लागले, आणि मावशींना वाटायचं, पुस्तक काय झकास चाललंय!

मग आले दातांचे डॉक्टर. पंचेचाळिशीचे, अतिशय नेटके, शर्टाला एक सुरकुती नाही. दिवसभर लोकांना "काही होत नाही, मोठा आ करा" म्हणणारा हा माणूस स्टिअरिंगसमोर बसला की स्वतःच आ वासायचा. मावशींनी त्यांना पहिल्या दिवशी पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करून दिली. तीन महिन्यांत डॉक्टरांचा हात इतका बसला की अरुंद गल्लीतून उलटी गाडी ते दात कोरावा तितक्या नाजूकपणे काढत. मावशींनी त्यांना परीक्षेला पाठवलं, ते नापास झाले. दुसऱ्यांदा पाठवलं, नापास. तिसऱ्यांदाही तेच. मावशींच्या हाताखालचं माणूस तीनदा नापास, हे सत्तावीस वर्षांत घडलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी परीक्षकसाहेबांनी मावशींना बाजूला बोलावलं. साहेब फार बोलणारे नव्हते. मिशीआडून जेवढं येईल तेवढंच.

"मावशी, हा तुमचा डॉक्टर गाडी माझ्यापेक्षा बरी चालवतो."

"मग नापास का करता बिचाऱ्याला?"

"शेवटचं वळण आलं की इंडिकेटर देत नाही. तिन्ही वेळा तेच वळण. बरं, विसरला म्हणावं तर वळायच्या आधी माझ्याकडे बघतो. मी लिहितोय का ते बघतो!"

मावशी गाडीत येऊन बसल्या. डॉक्टर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते.

"डॉक्टर, मुद्दाम नापास होता का हो तुम्ही?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. "मावशी, रागावू नका. पास झालो की तुमचा-माझा संबंध संपला. मग नऊ नंबरमध्ये कोण आहे ते मला कोण सांगणार?"

मावशींना आधी हसू फुटलं. पोट धरून हसल्या. गोष्टीसाठी परीक्षेत नापास होणारा माणूस! याहून मोठं कौतुक कुणाचं झालं असेल? डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अहो, पुस्तक येणारच आहे की. विकत घ्या आणि वाचा."

"कधी येणार?"

"येईल. बरंचसं झालंय."

"किती?" डॉक्टर नम्रपणे विचारत होते, पण दाताचं मूळ सापडेपर्यंत सोडायचं नाही ही त्यांची सवय. "मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, अकरावं प्रकरण लिहायला घेतलंय. आज तुम्ही मला विसावं सांगितलंत. अकरावं कसं झालंय? वाचायला द्याल?"

मावशींचा हात पिशवीकडे गेला. वही त्यांच्या पिशवीतच होती. अकराव्या प्रकरणाची दोन पानं लिहून झाली होती आणि तिसऱ्या पानावर फक्त आकडा होता, तीन. तो आकडा घालून सहा महिने झाले होते. पुढचं सगळं त्यांनी गाडीत सांगितलं होतं. कधी शिंपीणबाईंना, कधी बँकेतल्या कारकुनाला, कधी डॉक्टरांना. लोक 'अरे वा' म्हणत होते, त्या खूश होऊन घरी जात होत्या, आणि वही उघडली की हाताला काही सांगायचं उरतच नव्हतं. पुस्तक चाललं होतं खरं, पण तोंडातून वाऱ्यावर.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्ही इंडिकेटर दिला नाहीत ते बरंच झालं."

त्या दिवशी मावशींनी कानाला खडा लावला. गाडीत गोष्ट बंद, एक अक्षर नाही. सकाळी पहिला शिकाऊ येण्याआधी तासभर गाडी दारात उभी असतानाच आपल्या नेहमीच्या जागेवर बसायचं आणि लिहायचं. घरात बसलं की नळ, लेक, फोन, सगळ्यांचे आवाज यायचे. गाडीची काच वर केली की कुणी नाही. पायाखाली ब्रेक असला की डोकंही चालतं, असं त्यांचं म्हणणं. आणि डॉक्टरांशी करार झाला, की प्रत्येक शिकवणीनंतर त्यांना नुकतीच लिहिलेली पानं वाचायला मिळतील. पानं नसतील तर शिकवणीच रद्द.

सुरुवातीचे पंधरा दिवस फार वाईट गेले. गोष्टीला चटावलेले शिकाऊ गाडीत बसले की आशेनं मावशींकडे बघायचे, आणि मावशी अळीमिळी गुपचिळी. कारकुनानं एकदा कळवळून विचारलं, "निदान एवढं सांगा, तो पाहुणा पुरुष आहे की बाई?" मावशींच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यांनी दात आवळले आणि म्हणाल्या, "दुसरा गिअर." कारकुनानं रागानं चौथा टाकला. खांबांची लग्नं पुन्हा धोक्यात यायला लागली. घाबरलेल्यांचे खांदे खाली आणायला मावशींनी मग नवीन युक्ती काढली. शिकाऊलाच त्याच्या घरची भांडणं सांगायला लावायची. ती युक्ती गोष्टीपेक्षाही भारी निघाली, कारण भांडणं कुणाकडेच कमी नव्हती.

वहीचं मात्र घोडं अडलेलंच होतं. तासभर बसून मावशींनी एके दिवशी चार ओळी लिहिल्या आणि त्यांतल्या तीन खोडल्या. डॉक्टर आले, हात पुढे केला.

"आज एकच ओळ आहे," मावशी ओशाळून म्हणाल्या.

डॉक्टरांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. "चांगली आहे. पुढची उद्या," असं म्हणून त्यांनी आरसे नीट केले. खोटं कौतुक नाही, उपदेश नाही. मावशींना तो माणूस त्या दिवशी फार आवडला.

हळूहळू हात वळायला लागला. ओळीची चार पानं झाली, वही भरली, दुसरी आली. बोलताना दोन मिनिटांत उरकलेली प्रकरणं कागदावर आली की वेगळीच निघत. गाडीत सांगताना थोरली नुसती विनोदी होती. लिहिताना तिचे गुडघे दुखायला लागले, ती जिन्यात मध्येच थांबून ताट कठड्यावर टेकवायला लागली. मावशी स्वतः चकित होत. घरात लेकीच्या लक्षात आलं की आई हल्ली पुस्तकाबद्दल काहीच बोलत नाही. तिला वाटलं, सोडून दिलं वाटतं. तिनं जावईबापूंना हळूच सांगितलं, "आता ते नळाचं वाक्य नका हं म्हणू. आईला वाईट वाटेल." आणि त्यांनी खरंच म्हणायचं सोडलं. ते सोडलेलं मावशींना जास्त बोचलं.

साठीला तीन आठवडे उरले असताना बावीस प्रकरणं झाली. राहिलं एकच, शेवटचं, ज्यात धाकटी नऊ नंबरचं दार उघडते. डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला होता. मावशींनी त्यांच्या चौथ्या परीक्षेची तारीख घेतली.

"या वेळी इंडिकेटर द्यायचा," त्यांनी बजावलं. "पास झालात की शेवटचं प्रकरण तुमचं. हे बघा, तयार आहे." आणि त्यांनी चिकटवलेलं एक जाड पाकीट डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत गाडीच्या समोरच्या कप्प्यात ठेवलं.

पाकिटात वीस कोरे कागद होते. डॉक्टरांनी पुन्हा घोळ घालू नये म्हणून मावशींनी ही थाप मारली होती, आणि आठ दिवसांत लिहून खरे कागद आत घालायचे असा त्यांचा बेत होता. त्यात काय मोठंसं? शेवट तर त्यांना नऊ वर्षांपूर्वीपासून माहीत होता: नऊ नंबरमध्ये कुणीच नाही. धाकटीनं सोडून जाऊ नये म्हणून थोरलीनं पाहुणा मनानंच निर्माण केला, आणि वर जाऊन ते ताट ती स्वतःच जेवते. पण दार उघडल्यावर धाकटी काय करते, ते मावशींना येईना. रडते? भांडते? सामान बांधते? सगळं लिहून पाहिलं, सगळं खोटं वाटलं. आठ दिवस गेले. परीक्षेच्या सकाळीही पाकीट कोरंच होतं.

परीक्षेच्या मैदानात एक लांब बाक होता. डॉक्टर परीक्षकसाहेबांना शेजारी घेऊन निघाले आणि मावशी त्या बाकावर बसल्या. फेरी नेहमी पंचवीस मिनिटांची. पंचवीस मिनिटांनी तो भला माणूस पास होऊन येणार, कप्पा उघडणार, आणि बावीस प्रकरणं एक-एक ओळ वाचणाऱ्या माणसाच्या हातात कोरे कागद पडणार. मावशींनी मांडीवर वही घेतली आणि लिहायला लागल्या. जिना लिहिला, जिन्याचा कठडा, कठड्यावर ताटाचा पडलेला गोल डाग. धाकटीचा हात कडीवर. दार उघडलं. पलंगावरची चादर तशीच घडी घातलेली, खिडकीशी एक खुर्ची, खुर्चीवर थोरलीचा जुना चष्मा. मावशींनी घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं होऊन गेली होती. गाडीचा पत्ता नव्हता. चाळीस झाली. त्या लिहीतच राहिल्या, आणि धाकटी उंबऱ्यात उभी राहिली तिथे पेन पुन्हा थांबलं.

पन्नासाव्या मिनिटाला गाडी फाटकातून आत आली. इंडिकेटर देऊन वळली आणि दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मध्ये उभी राहिली. साहेब उतरले, मिशीला हात लावून म्हणाले, "मावशी, मला आज या गावातली झाडं पहिल्यांदा दिसली," आणि कचेरीत निघून गेले. डॉक्टर बाकावर येऊन बसले. त्यांच्या हातात ते पाकीट होतं, चिकटवलेलं तसंच.

"डॉक्टर, त्यात..."

"काही नाही. माहीत आहे मला."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मागच्या आठवड्यात काच पुसायला फडकं शोधत होतो, तेव्हा हे हाती लागलं. मोह आवरला नाही. एक्स-रे बघतो ना आम्ही, तसं उजेडाला धरून पाहिलं." डॉक्टर ओशाळून हसले. "एक ओळ नव्हती."

"मग बोलला का नाहीत तेव्हाच?"

"बोललो असतो तर तुम्ही माझी समजूत घालत बसला असता. लिहिणं राहिलं असतं. म्हटलं, आपल्याला माहीत नाही असंच असू दे. आज फक्त तुम्हाला वेळ मिळेल असं बघितलं. नापास करता येईल इतकी हळू चालवली नाही हं! पण एक आजी रस्ता ओलांडावा की नाही या विचारात होत्या, त्यांचा विचार पक्का होईपर्यंत थांबलो. मग त्या ओलांडून परत आल्या. तेव्हाही थांबलो."

मावशींचे डोळे भरून आले. कोरं पाकीट आठ दिवस त्यांनी डॉक्टरांपासून लपवलं होतं, आणि तेच डॉक्टर त्यांना सांभाळून घेत होते. डॉक्टर आणखी काहीतरी बोलणार, तेवढ्यात मावशींनी हात वर केला, रस्त्यात शिकाऊला थांबवायचा तसा.

"एक मिनिट. काही बोलू नका."

आणि त्यांनी लिहिलं. धाकटी दार उघडून इकडेतिकडे बघत नाही. ती सरळ खुर्चीपाशी जाते, नुसता चष्मा उचलते, पुसते आणि परत जागेवर ठेवते, कारण ती इथे पहिल्यांदा आलेली नाही. ती सात वर्षांपूर्वीच एकदा येऊन गेलीय. तेव्हापासून तिला सगळं माहीत आहे, आणि तेव्हापासून शहरात जायचं ती नुसतं तोंडानं म्हणतेय. ती दार लोटून घेते, खाली स्वयंपाकघरात येते. थोरली ताट वाढत असते. धाकटी तिच्या मागे उभी राहून म्हणते, "ताई, नऊ नंबरला आज थोडं जास्त वाढ. हल्ली भूक भागत नाही त्यांची."

मावशींनी खाली रेघ मारली. रेघेखाली 'समाप्त' लिहिलं. नऊ वर्षांत तो शब्द त्यांनी एकदाही लिहून पाहिला नव्हता. अक्षर जरा वाकडंच आलं. वही डॉक्टरांकडे दिली आणि दुसरीकडे बघत बसल्या. डॉक्टरांनी वाचलं. मग चष्मा काढला, पुसला, घातला, आणि पुन्हा काढला.

"मावशी," ते म्हणाले, "मी पास झालो का, ते तुम्ही विचारलंच नाहीत."

"विचारायचं काय त्यात? गाडी कशी उभी केलीय ते दिसलं मला."

मग मावशींनी पिशवीतून फोन काढून घरी लावला. लेकीनं उचलला. मागे तो आवाज येतच होता, टप, टप, टप.

"आई? काय गं, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," मावशी म्हणाल्या. "जावईबापूंना म्हणावं, पाना काढा."

पलीकडे क्षणभर नुसता नळच ऐकू येत राहिला. मग लेक इतक्या मोठ्यानं ओरडली की बाकावर शेजारी बसलेल्या डॉक्टरांनाही ते ऐकू गेलं.